जुना पंखा घेऊन कागलला

कोल्हापूरहून परतल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलं? पन्हाळा झाला का, रंकाळ्यावर गेलीस का, चपला आणल्यास का? यातलं मी काहीच केलं नाही. देवीचं दर्शनही रस्त्यावरून, कळसाचं झालं. सुट्टीतले दोन दिवस शिवाजी पेठेतल्या एका गॅरेजसमोर स्टुलावर बसून काढले आणि तिसऱ्या दिवशी कागलजवळच्या एका घराच्या कट्ट्यावर. तरी या प्रवासाबद्दल लिहायला बसले आहे, कारण तिथे जे कळलं ते माझ्यापाशीच ठेवणं बरं नाही.

संगमनेर ते कोल्हापूर

आमची जीप जुनी, डिझेलची. माझे वडील, अण्णा, डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांत फिरून ते रोगी बघायचे, त्यासाठी ती घेतलेली. चालवायला मारुतीकाका होते. ते मूळचे कागलकडचे. ट्रकवर क्लीनर म्हणून आमच्या भागात आले आणि पुढे वीसएक वर्षं आमच्याकडेच राहिले. मला जीप त्यांनीच शिकवली. आधी बॉनेट उघडायचं, रेडिएटरमधलं पाणी बघायचं, मगच किल्लीला हात लावायचा, हा त्यांचा पहिला धडा.

सतरा वर्षांपूर्वी एका पहाटे आईच्या छातीत कळ आली. तिला पुण्याला न्यायचं ठरलं. संगमनेर सोडलं की लगेच चंदनापुरीचा घाट लागतो. घाटाच्या मध्यावर जीपमधून वाफ उसळली आणि इंजिन बंद पडलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. आई तिसऱ्या दिवशी गेली.

घाटात उभे असताना अण्णांनी एकच विचारलं होतं, "मारुती, पाणी बघितलं होतंस ना?" काका वाफेकडे बघत राहिले. आदल्या संध्याकाळीच ते गावची यात्रा करून परतले होते आणि पहाटे तर एकच धावपळ उडाली होती. पाणी बघितलं की नाही ते त्यांना आठवेना. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. मी मात्र गप्प राहिले नाही. तेराव्याला पंगत बसली असताना चार माणसांत मी म्हणाले, "काका, मला रोज पाणी बघायला शिकवलंत आणि नेमकं त्या दिवशी तुम्हीच विसरलात." दुसऱ्या दिवशी ते आपली ट्रंक घेऊन गावी निघून गेले. नंतर त्यांनी कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नाही, असं कानावर आलं.

जीपच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडून गॅस्केट बदललं, ती चालूही झाली, पण तेव्हापासून कुठलाही घाट आला की तापायची. गॅरेजवाल्याने सांगितलं की त्या दिवशी तापून हेड वाकलंय, असंच चालायचं. आमच्या घरात त्याला 'मारुतीचं हेड' म्हणत. म्हणणारी मुख्यतः मीच.

गेल्या वर्षी अण्णा गेले. जीप विकायची ठरली. त्याच सुमारास काकांच्या मुलीचा, मंगलचा, फोन आला. "दादांचं डोळं गेलं, ताई. काचबिंदूनं. जीप इकली का हाय, म्हून इचारत्यात. हाय म्हटलं तर एकदा हात लावाय मिळंल का, म्हणत्यात." मी म्हटलं, घेऊनच येते. खरं सांगायचं तर मी मोठ्या मनाने निघाले होते. थकलेला, आंधळा माणूस, आता माफ करून टाकावं असं माझ्या मनात होतं. चंदनापुरीच्या घाटातला थांबा सोडला, तर आपण किती उदार आहोत याचा विचार करण्यात पुण्यापर्यंतचा रस्ता छान गेला.

खंबाटकीच्या घाटात दोनदा थांबावं लागलं. काटा लालवर गेला की बाजूला घ्यायचं, बॉनेट उघडून बसायचं, आणि "मारुतीचं हेड" म्हणून चरफडायचं. घाट संपल्यावर मात्र जीप निमूट पळाली. कोल्हापूर दिसायला लागलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि पंचगंगेच्या पुलाच्या अलीकडे समोरून एकदम धाड्कन आवाज आला. पाठोपाठ सगळी गाडी थरथरायला लागली.

मागून दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवर एक गृहस्थ आले. ते लांबूनच ओरडले, "बंद करा आदी. बंद करा की, ताई." मी बंद केली. त्यांनी बॉनेट उघडून आत बघितलं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याचं एक पातं मुळापासून तुटून बॉनेटला आतून चीर पाडून गेलं होतं. रेडिएटर थोडक्यात वाचला होता. "कुठलं पावणं?" त्यांनी विचारलं. मी संगमनेर म्हटलं. "लई लांबनं आलासा. आमच्या बाबासोला फोन लावतो." मला विचारण्याची गरज त्यांना वाटली नाही. आमच्याकडे परक्याला मदत करताना माणूस आधी दहा प्रश्न विचारतो. इथे एकच विचारला आणि पुढच्या अर्ध्या तासात माझी जीप एका ट्रॅक्टरमागे दोराने बांधून शहरात निघाली होती.

शिवाजी पेठ, शनिवार आणि रविवार

बाबासो मिस्त्री पन्नाशीचे, तरुणपणी कुस्त्या खेळलेले. दोन्ही कान मोडून गोळा झालेले. गॅरेज म्हणजे तालमीशेजारच्या बोळातला एक पत्रा आणि त्याखाली मावेल तेवढी गाडी. बाकीची गाडी रस्त्यावर. इंजिनाचं काम त्यांचं आणि वायरिंगचं त्यांच्या बायकोचं. सुरेखाताई निपाणीकडच्या. पदर कमरेला खोचून, तोंडात वायरीचा तुकडा धरून काम करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. त्या मला पहिल्या क्षणापासून अक्का म्हणू लागल्या.

"नवं पातं मिळेल का?" मी विचारलं.

"मिळंल की," बाबासो म्हणाले. "मागवाय लागंल. आठ-धा दिस. ह्या गाडीचं आता कोण ठेवतंय? त्यापेक्षा करंटवरचा पंखा बसवू. भंगारातला बघू एक चांगला."

"जीपला विजेचा पंखा? आणि तोही दुसऱ्या गाडीचा?"

"पंख्याला काय ठावं, ताई, त्यो कुणाच्या गाडीत हाय?"

भंगारवाल्याकडे मीही गेले. बाबासोंनी ओळीने उभ्या असलेल्या फुटक्या गाड्यांवरून नजर फिरवली आणि पुढून ठोकलेल्या सगळ्या सोडून दिल्या. "पुढनं ठोकलेल्याचा पंखा वरनं चांगला दिसतोय, पर आत दांडा वाकलेला असतोय. मागनं ठोकलेली बघायची." तशी एक लहान मोटार सापडली. मागचा निम्मा भाग चेपलेला, पुढे बॉनेटला ओरखडाही नाही. पंखा काढून त्यांनी बोटाने फिरवला, मोडक्या कानाशी धरला, डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मग त्यांनी भंगारवाल्याला विचारलं, "ह्यातली माणसं?" तो म्हणाला, "सगळी वाचली." तेवढं ऐकूनच त्यांनी पंखा पिशवीत टाकला.

त्या रात्री मी जवळच्या लॉजवर राहिले. सकाळी मिसळ खाल्ली. तर्री लालभडक, आणि सोबत पाव म्हणून ब्रेडच्या स्लाइस. आमच्याकडे मिसळीला स्लाइस दिल्या तर भांडण होईल, असं मी हॉटेलवाल्याला म्हणाले. तो म्हणाला, "मग तिकडं खावा की." मी मुकाट्याने दुसरी प्लेट घेतली.

रविवारी काम निम्म्यावर आलं आणि दुपारी अचानक बोळ रिकामा झाला. दुकानांच्या फळ्या लागल्या. बाबासोंनी हात पुसले. "मॅच हाय," ते एवढंच म्हणाले. पेठेच्या टीमचा फुटबॉलचा सामना होता. माझी जीप बॉनेट वासून रस्त्यात उभी, उद्या कागल गाठायचंय, आणि मिस्त्री मॅचला. मी चिडले. सुरेखाताईंनी मला घरात नेऊन ताटावर बसवलं. पांढरा रस्सा वाढता वाढता म्हणाल्या, "जाऊ द्या अक्का. आज न्हाय गेले तर रातभर हाताला काम लागणार न्हाय त्यांच्या." रस्सा इतका चांगला होता की मला रागावून बसणं जमेना. चारच्या सुमाराला बाबासो परत आले. टीम हरली होती, त्यामुळे ते एकही शब्द न बोलता काम करत होते.

संध्याकाळच्या आत पंखा बसला. जुना इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरायचा. हा रेडिएटरच्या मागे लोखंडी पट्ट्यांनी घट्ट बसवलेला, बॅटरीवर चालणारा, आणि बटण माझ्या हाताशी. सुरेखाताईंनी वायर जोडून बटण दाबलं आणि पुढच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरला. कपटा उडून रस्त्यावर गेला.

"उलटा फिराय लागलाय," त्या म्हणाल्या आणि दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा कपटा धरला. आता तो जाळीला चिकटून बसला. "वारा पुढनं आत ओढाय पायजे, अक्का. कसाबी बसवला तरी पंखा फिरतोयच. बघणाऱ्याला वाटतंय, चाललाय. पर काम करतोय का न्हाय, ते ह्या कागदानं कळतंय."

या गॅरेजचा एक रिवाज होता. गाडीतून जे निघेल ते मालकाच्या हातात द्यायचं, मग ते कितीही मोडलेलं असो. बाबासोंनी जुना पंखा रॉकेलच्या फडक्याने पुसायला घेतला, मला द्यायला म्हणून. पुसता पुसता ते थांबले. पंखा उजेडाकडे धरून त्यांनी एका बाजूने बघितला, उलटून दुसऱ्या बाजूने बघितला.

"ह्यो कुणी बसवलावता?"

"का?"

"उलटा हाय. पुढची बाजू मागं. पात्याचं पोट इंजिनाकडं पायजे, त्ये रेडिएटरकडं केलंय. असा बसवला तरी वारा त्याच अंगाला जातोय, पर निम्माच. सपाटीला कळत न्हाय, गाडी पळतीया तवा समोरनं वारा मिळतोय. घाटात गाडी हळू, तिथं सगळा भार पंख्यावर. तापणारच. तुमी वाकलेलं हेड म्हणत हुता न्हवं? हेडचा काय दोष?"

मी म्हटलं, नुकताच कुणीतरी काढून बसवला असेल. त्यांनी माझं बोट धरलं आणि पंख्याच्या मधल्या भागावर, बोल्टच्या भोकांशी नेलं. "हितं वॉशरची चकती रुतल्याची जुनी खूण हाय. त्या खुणेवर चंदेरी रंग बसलाय. म्हंजे आदी हिकडनं आवळलेला. आता पलीकडं बघा. हितली खूण रंगावर उमटलीया. म्हंजे कुणीतरी काढला, रंगवला, आन् बसवताना उलटा बसवला. त्यानंतर ह्याला हात लागलेला न्हाय."

तो चंदेरी रंग मला माहीत होता. अण्णांना सगळं स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची हौस. घड्याळं, रेडिओ, स्टोव्ह. काका यात्रेला गेले होते त्या रविवारी अण्णांनी जीपचा पट्टा बदलायला घेतला, आणि पंखा काढलाच आहे तर गंज खरवडून रंगवू म्हणाले. अंगणात वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो रंगवला. वासाने डोकं दुखतंय म्हणून आई आतून ओरडली होती. बोल्ट मी स्टीलच्या वाटीत धरून उभी होते. रंग वाळल्यावर पंखा उचलून अण्णांच्या हातात मीच दिला. त्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही घाटात होतो. पाणी भरलेलं असतं तरी जीप तापलीच असती.

मी स्टुलावर बसले. सुरेखाताईंनी पाणी आणून दिलं. काय झालं ते त्या दोघांना मी तिथेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबासो खाली बघत ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, "हा पंखा तुमच्याकडेच राहू द्या. मला नको."

"ठेवत न्हाय, ताई. आमच्या वस्तादांनी घालून दिलंय. मालकानं त्याच्या हातानं टाकावं, न्हायतर ठेवावं. त्याच्या वस्तूचा निकाल आमी लावायचा न्हाय." त्यांनी पंखा वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला.

कागलच्या वाटेवर, सोमवार

जीपचा आवाजच गेला होता. पूर्वी पंख्याच्या घरघरीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आता इंजिनाची शांत टकटक आणि टायरांचा आवाज. हायवे सपाट होता, काटा जागचा हलत नव्हता. मला मात्र ती शांतता सोसवेना. शेजारी कागदात गुंडाळलेला पंखा होता, आणि मला सारखं वाटत होतं की कुणाला काही सांगायची गरज काय? सांगितलं तर आईच्या मृत्यूचा दोष अण्णांवर जातो, आणि अण्णा आता बाजू मांडायला नाहीत. न सांगितलं तर कुणाचं काही बिघडत नाही. काकांना सवय झालेली आहे. हे शेवटचं वाक्य मनात आलं आणि मला माझीच शिसारी आली.

तरीही कागलच्या अलीकडे उसाच्या शेताशी मी गाडी थांबवली. पंखा हातात घेऊन बांधापर्यंत गेले. वारा ऊस हलवत होता, जवळ कुणी नव्हतं. टाकला असता तर कापणीपर्यंत कुणालाही दिसला नसता. मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मग पंखा पुन्हा सीटवर ठेवला आणि निघाले.

गावात शिरल्यावर रस्ता अरुंद झाला. जीप हळू झाली, काटा चढायला लागला. मी बटण दाबलं. पुढे हलकी घूं ऐकू आली आणि काटा खाली आला. सतरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

मारुतीकाका कट्ट्यावर बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, चेहरा रस्त्याकडे. वाळून निम्मे झाले होते. मी गाडी बंद करण्याआधीच ते म्हणाले, "मंगल, कुणाची गाडी गं?"

"संगमनेरची, दादा. ताई आल्यात."

"ही आपली न्हवं. आपलीचा पंखा वरडत हुता."

मी पाया पडले. पंखा बदलावा लागला, कोल्हापुरात, असं सांगितलं. ते उठले, हात पुढे करून चालत आले आणि बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले. मग मडगार्डवरून हात फिरवत दारापर्यंत गेले. आत चढून स्टिअरिंगला मात्र त्यांनी हात लावला नाही. बाजूच्या सीटवरच बसले.

मंगलने चहा टाकला. चुलीपाशी मला हळू आवाजात म्हणाली, "दादा अजून रोज पाटंचं उठत्यात, ताई. घागर चाचपत्यात, म्हशीच्या कुंडीत हात घालून बघत्यात, पाणी हाय का न्हाय. भरलेलं असलं तरी मला उठवून इचारत्यात. आमी काय बोलत न्हाय." तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. घरातली एक रीत सांगावी तसं सांगितलं.

मी बाहेर आले. काका कट्ट्यावर येऊन बसले होते. मी कागद सोडून पंखा त्यांच्या मांडीवर ठेवला. "काका, हा आपला जुना. जरा हात लावून बघा. भोकांशी."

काही समजवावं लागलं नाही. त्यांचा अंगठा तुटलेल्या पात्यावरून मध्यावर आला, एका खुणेत शिरला, रंगाचा थर नखाने खरवडून थांबला. त्यांनी पंखा उलटवला. दुसरी खूण चाचपली. पुन्हा पहिली. पात्याच्या पोटावरून तळवा फिरवला. मला जे काल अर्धा तास ऐकून समजलं ते त्यांना त्यांच्या बोटांनी सांगितलं.

"कुणी बसवलावता?"

"अण्णांनी. तुम्ही यात्रेला गेला होतात त्या रविवारी. मी बोल्ट धरले होते." मी त्यांच्या पायाशी बसले. "काका, तेराव्याला मी जे बोलले..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "सायबास्नी ठावं हुतं?"

याचं उत्तर मी रात्रभर शोधलं होतं. अण्णा त्या जीपमध्ये पुन्हा कधी बसले नाहीत, आणि त्यांनी ती विकूही दिली नाही. त्याचा अर्थ काय ते मला कळत नाही. "मला माहीत नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी तुटलेल्या पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "न्हवतं. ठावं असतं तर सोता हितवर आलं असतं. मी वळखतो त्यांस्नी."

मी माफी मागितली. तेराव्याचे माझे शब्द मी पुन्हा जसेच्या तसे उच्चारले आणि ते चुकीचे होते असं म्हणाले. काकांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते त्या घाटात, त्या पहाटेत गेलेले होते. ओठ हलत होते, हात पंख्यावर होता. हळूहळू त्यांचा चेहरा वर आला.

"म्हंजे मी पाणी भरलंवतं," ते म्हणाले.

"हो, काका. भरलं होतं."

त्यांनी दाराकडे मान वळवली. "मंगल," त्यांनी हाक मारली, आणि तिने ओ दिली तरी परत मारली. "मंगल, मी पाणी भरलंवतं गं."

मंगल चहाची कपबशी घेऊन दारात आली होती. तिने ती खाली ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली. "व्हय दादा," ती म्हणाली.